हँडब्रेक घट्ट करून आणला तरी गाडी उतारावर पुन्हा सरकते? आधी मागचे ड्रम उघडा

सर्व्हिसिंगहून गाडी आली की हँडब्रेक कडक लागतो. चार-पाच क्लिकमध्ये लीव्हर घट्ट. मग काही आठवडे जातात, लीव्हर हळूहळू जास्त वर यायला लागतो आणि एक दिवस सोसायटीच्या रॅम्पवर ब्रेकवरचा पाय काढला की गाडी मागे यायला लागते. पुन्हा गॅरेज, पुन्हा "केबल टाइट करून दिली साहेब", पुन्हा तेच. मी बेलापूरला पारसिक हिलवर राहतो. इथे घराबाहेर गाडी लावायची म्हणजे बऱ्याचदा उतारावरच लावावी लागते, त्यामुळे हँडब्रेक हा आमच्याकडे नेहमीच्या बोलण्यातला विषय आहे. ठाण्यात येऊरच्या रस्त्याने रोज वर-खाली करणारे, घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये पोडियमवर गाडी चढवणारे, गायमुखच्या चढावर ट्रकच्या मागे अडकून पडणारे, सगळ्यांकडून हीच तक्रार ऐकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. वॅगनआर, स्विफ्ट, टियागो अशा मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीचा हँडब्रेक वारंवार ढिला पडत असेल, तर बिघाड बहुतेक वेळा ड्रमच्या, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आत असतो आणि गॅरेजात पाना लागतो तो लीव्हरखालच्या केबल ताणणाऱ्या नटाला. असं का होतं तेही उघड आहे. लीव्हरमागचं प्लास्टिकचं कव्हर उचललं, नट चार फेरे पिळला की पाच मिनिटांत काम झालं. ड्रम उघडायचे तर गाडी उचला, चाकं काढा, गंजून बसलेले ड्रम सोडवा, सगळं साफ करा, यात अर्धा दिवस जातो. पण दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार आहे, आणि त्याने मूळ बिघाड वाढतो.

नट पिळल्याने बिघाड का वाढतो

लीव्हर ओढला की त्याच्या बुडाशी असलेल्या रॅचेटच्या दात्यांत एक खटका अडकतो, तोच क्लिकचा आवाज. लीव्हरखालून निघालेली ओढ इक्वलायझर नावाच्या पट्टीपर्यंत जाते, ती पट्टी ओढ दोन्ही बाजूंना सारखी वाटते आणि तिथून दोन केबल मागच्या दोन चाकांकडे जातात. ड्रमच्या आत केबलचं टोक एका लोखंडी पट्टीला अडकवलेलं असतं. तिला पार्किंग लीव्हर म्हणतात. केबल ओढली गेली की ही पट्टी दोन्ही ब्रेक शू, म्हणजे घासणारं अस्तर लावलेल्या दोन कमानी, फाकवते आणि ते ड्रमला आतून दाबून धरतात.

शू झिजतात तसं शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढत जातं. ते भरून काढण्यासाठी दोन शूंच्या मध्ये एक अ‍ॅडजस्टर असतो, बऱ्याच गाड्यांत दातेरी चाकाचा. आपण ब्रेक वापरत राहतो तसा तो आपोआप एकेक दाता पुढे सरकतो आणि शूंना ड्रमच्या जवळ ठेवतो. तो नीट चालायला एक अट आहे. हँडब्रेक सोडलेला असताना आतला पार्किंग लीव्हर पूर्ण मागे येऊन आपल्या टेकणीवर बसला पाहिजे. बाहेरून केबल पिळून ठेवली की तो कधीच पूर्ण मागे येत नाही, कायम अर्धवट ओढलेला राहतो. मग अ‍ॅडजस्टरला पुढचा दाता पकडण्याइतकी हालचालच मिळत नाही आणि तो आहे तिथे थांबतो. शू झिजत राहतात, अंतर वाढत राहतं, लीव्हर पुन्हा वर येतो. पुढच्या वेळी नट आणखी पिळला जातो. एक वेळ अशी येते की नटाचे आटे संपतात, आणि तेव्हा गॅरेजवाले सांगतात, "केबल ताणली गेलीये, नवीन टाकू."

केबल थोडीफार ताणते, पण इतकी नाही. नवीन केबल टाकल्यावरही महिन्या-दोन महिन्यांत तोच त्रास सुरू झाला असेल, तर कारण हेच समजा.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या ताईच्या गाडीचं असंच चाललं होतं. दर सर्व्हिसिंगला बिलावर "हँडब्रेक अ‍ॅडजस्टमेंट" अशी एक ओळ यायची. शेवटी कळव्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली आणि ड्रम काढायला लावले. डावा ड्रम हाताने हलेना, तेव्हा ड्रमवरच्या दोन आटे पाडलेल्या भोकांत बोल्ट पिळून त्यांनी तो बाहेर रेटला. आत काळी भुकटी साचलेली, ड्रमच्या कडेला नखाला अडकेल एवढी उंच कड आलेली, आणि पुढच्या शूचा वरचा भाग ओलसर, तकतकीत. मिस्त्रींनी व्हील सिलिंडरची (पायाचा ब्रेक दाबल्यावर ऑइलच्या दाबाने शू फाकवणारा भाग) रबरी टोपी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचलली तर आतून ब्रेक ऑइलचा थेंब ओघळला. उजव्या बाजूला गळती नव्हती, पण अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक गंजाने असं बसलेलं की दोन बोटांनी फिरेना. आणि दोन्हीकडे पार्किंग लीव्हर टेकणीपासून लांब उभा. मिस्त्रींनी गाडीत जाऊन लीव्हरखालचा नट सोडत आणला, तसे दोन्ही पार्किंग लीव्हर खटकन मागे बसले. इतके दिवस पिळलेल्या केबलने या दोन दुखण्यांवर पांघरूण घातलं होतं. त्यातलं डाव्या चाकाचं दुखणं तर नुसत्या हँडब्रेकचं नव्हतं, पायाच्या ब्रेकचं ऑइल तिथून गळत होतं. वेळेवर ड्रम उघडला नसता तर ही गळती किती काळ चालू राहिली असती, या विचाराने आजही मला राग येतो.

लीव्हर हाताला कसा लागतो

गॅरेजात जाण्याआधी सपाट जागी गाडी उभी करा, बटण न दाबता लीव्हर सावकाश ओढा आणि क्लिक मोजा. तुमच्या गाडीला किती क्लिक हवेत हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण चार ते नऊच्या दरम्यान असतो. लीव्हर हाताला कसा लागतो हेही आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

लीव्हर खूप वर येतो आणि शेवटपर्यंत मऊच लागतो, हे सगळ्यांत जास्त दिसणारं लक्षण. याच्यासोबत पायाच्या ब्रेकचं पेडल बघा. पहिल्यांदा दाबल्यावर खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच घट्ट लागतं, असं असेल तर मागच्या ड्रममध्ये अंतर वाढलं असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅडजस्टर अडकलाय किंवा शू संपलेत. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. ते वेगळं दुखणं, आणि ते आधी बघायचं.

लीव्हर थोड्या क्लिकमध्येच घट्ट होतो पण गाडी तरीही सरकते, हे जास्त फसवं. हाताला वाटतं ब्रेक लागला. इथे दोन शक्यता असतात. एक, केबल आपल्या आवरणात गंजून बसली आहे, त्यामुळे तुमची ओढ चाकापर्यंत पोहोचतच नाही, वाटेतच मुरते. आपल्याकडच्या पावसात आवरणाला कुठे चीर गेली की पाणी आत जातं आणि सगळ्यांत खालच्या वळणावर साचून राहतं. दोन, ओढ पोहोचते पण शूवर ऑइल किंवा बेअरिंगचं ग्रीस आहे, नाहीतर शू काचेसारखे गुळगुळीत झालेत. ऑइल मुरलेला शू पॉलिश पेपरने घासून वापरात आणू नका. पृष्ठभाग साफ दिसतो, पण गरम झाला की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. असे शू बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे मिळून बदलायचे. नुसते गुळगुळीत झालेले, कोरडे, पुरेशी जाडी असलेले शू हलके घासून चालतात.

ओढलेला लीव्हर स्वतःहून एखादा दाता खाली येतो किंवा गाडीला धक्का बसला की सुटतो, तर रॅचेटचे दाते किंवा खटका झिजलाय. यात जुगाड करायचा नाही, दाते कानशीने घासून तर मुळीच नाही. लीव्हरचा पूर्ण सेट बदला आणि तोवर गाडी उतारावर लावू नका.

आणि एक लक्षण असं आहे की ज्याला बिघाड म्हणायचं कारण नाही. हँडब्रेक लावून पाय काढल्यावर गाडी दोन-तीन इंच हलते आणि थांबते. शू, स्प्रिंगा आणि सस्पेन्शनचे बुश आपापला ढिलेपणा घेतात, तेवढंच. थांबली आणि थांबून राहिली, तर ठीक.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो दिवा लीव्हर वर उचललाय एवढंच सांगतो, ब्रेक धरतोय की नाही हे त्याला माहीत नसतं. उलट लीव्हर पूर्ण खाली असताना दिवा पेटत राहिला तर तातडीने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत दोन्हींसाठी एकच दिवा असतो. पातळी उतरली असेल तर पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसतं ऑइल भरून विषय संपवू नका.

घरच्या घरी करायच्या दोन तपासण्या

पहिली उतारावरची. रॅम्प किंवा गल्ली रिकामी असेल तेव्हा करा, मागे-पुढे कोणी उभं नको, लहान मुलं तर नकोतच. सोबत एक माणूस आणि लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा घ्या. चढाकडे तोंड करून गाडी उभी करा, ठोकळा मागच्या चाकापासून वीतभर मागे ठेवा, पायाचा ब्रेक दाबून ठेवत हँडब्रेक नेहमीच्या जोराने ओढा, न्यूट्रल करा आणि पाय सावकाश उचला. गाडी धरून राहिली तर पाच मिनिटं तशीच ठेवा. इंजिन सुरू, तुम्ही सीटवर, पाय पेडलच्या वर. मग गाडी फिरवून उताराकडे तोंड करून, ठोकळा आता चाकाच्या पुढे ठेवून, तीच तपासणी. दोन्ही दिशा तपासणं गरजेचं आहे. चढाकडे तोंड असताना गाडीचं वजन मागच्या चाकांवर जास्त येतं, उताराकडे तोंड असताना ते पुढे सरकतं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, त्यामुळे ओल्या पेव्हर ब्लॉकवर उताराकडे तोंड करून लावलेली गाडी चाकं बंद असूनही घसरू शकते. अशा वेळी दोष ब्रेकचा नसतो, टायरला पकडच मिळत नाही.

दुसरी तपासणी जॅकवरची, आणि ती शक्यतो मिस्त्रींकडेच करून घ्या. सपाट जमीन, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर. हँडब्रेक सोडून दोन्ही मागची चाकं हाताने फिरवून बघायची. मोकळी फिरली पाहिजेत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. मग एक माणूस आत बसून एकेक क्लिक ओढतो आणि बाहेरचा चाकं फिरवतो. दोन्ही चाकं साधारण एकाच क्लिकला घासायला लागली पाहिजेत आणि पुढच्या काही क्लिकमध्ये दोन्ही जाम झाली पाहिजेत. एक चाक जाम आणि दुसरं मोकळं फिरतंय, तर त्या मोकळ्या बाजूची केबल अडकलीय किंवा तिकडचा अ‍ॅडजस्टर मेलाय. एकाच चाकाच्या ब्रेकवर उभी असलेली गाडी सपाट जागी काही कळू देत नाही, पण उतारावर हमखास दगा देते.

मिस्त्रींना नेमकं काय सांगायचं

"हँडब्रेक लागत नाही" एवढंच सांगितलं तर नटच पिळला जाणार. त्याऐवजी सांगा, "दादा, केबलचा नट आधी पूर्ण सोडा, मग दोन्ही मागचे ड्रम एकेक करून काढा, मी बघायला थांबतो." या क्रमातच सगळं आहे. केबल सैल केल्याशिवाय ड्रममधली कुठलीही अ‍ॅडजस्टमेंट खरी नसते.

ड्रम निघाला की भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. ती श्वासात जाण्यासारखी वस्तू नाही. जुन्या शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसायची. मग शूच्या अस्तराची जाडी आणि ड्रमचा आतला व्यास मोजायचा. किमान जाडी मॅन्युअलमध्ये असते, आणि ड्रमचा कमाल व्यास बहुतेक वेळा ड्रमवरच कोरलेला असतो. व्यास त्याच्या पुढे गेला असेल तर ड्रम बदलायचा, लेथवर टर्निंग करून, म्हणजे आतून तासून, उपयोग नाही, कारण तो आणखी मोठा होणार. व्हील सिलिंडरच्या दोन्ही रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का ते बघायचं. थोडी ओल म्हणजे थोडी गळती, आणि ब्रेकमध्ये थोडी गळती असं काही नसतं.

अ‍ॅडजस्टर पूर्ण सोडवून, आटे वायर ब्रशने साफ करून, ब्रेकसाठीचं उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पातळ लावून पुन्हा बसवायचा. इथे एक चूक फार वेळा होते. दातेरी चाकाचे अ‍ॅडजस्टर डाव्या आणि उजव्या चाकासाठी वेगळे असतात, एकाचे आटे उलटे. दोन्ही ड्रम एकदम उघडून सामान एकाच ट्रेमध्ये टाकलं की अदलाबदल होते, आणि मग अ‍ॅडजस्टर शूंना ड्रमजवळ नेण्याऐवजी लांब नेतो. हँडब्रेक लवकर लवकर ढिला पडण्याचं हेही एक कारण आहे. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडायला सांगा, दुसरी बाजू बघायला म्हणून तशीच राहू दे.

मग अ‍ॅडजस्टर हाताने फिरवून शू ड्रमच्या जवळ आणायचे, ड्रम चढवायचा, चाक फिरवल्यावर अगदी हलकी घासल्याची जाणीव व्हावी इतपत. पायाचा ब्रेक बऱ्याच वेळा दाबायचा म्हणजे शू मधोमध बसतात. आणि आता, सगळ्यांत शेवटी, केबल. पार्किंग लीव्हर टेकणीवर बसलेला ठेवून केबलचा नुसता झोल काढायचा, मॅन्युअलमधल्या क्लिकइतकाच. हँडब्रेक सोडल्यावर चाकं मोकळी फिरली नाहीत तर नट जास्त पिळला गेलाय. असं ठेवलं तर चालत्या गाडीत शू घासत राहतात, ड्रम तापतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि नवे शू लवकर संपतात.

नवे शू टाकल्यावर हँडब्रेक लगेच पूर्वीसारखा करकचून लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. नव्या शूची गोलाई झिजलेल्या ड्रमशी जुळायला काहीशे किलोमीटर जावे लागतात. तोवर तो मधल्या भागावरच टेकतो आणि पकड कमी असते. या काळात गॅरेजात परत जाऊन नट पिळून घेतलात, तर सगळी मेहनत वाया.

मागे डिस्क असेल तर

मागच्या डिस्कवाल्या, म्हणजे ड्रमऐवजी चकती असलेल्या गाडीत हँडब्रेक एकतर कॅलिपरलाच (चकतीला दोन्हीकडून पॅडने दाबणारा भाग) जोडलेला असतो, नाहीतर डिस्कच्या मधल्या टोपीत छोटे ड्रम-शू असतात. दुसऱ्या प्रकाराला वर लिहिलेलं बरंचसं लागू आहे. कॅलिपरच्या प्रकारात केबल सैल केल्यावर कॅलिपरवरचा छोटा लीव्हर दोन्ही बाजूंना पूर्ण मागे टेकतो का एवढं आधी बघा. तिथे गंज धरला की ओढ कमी पडते किंवा ब्रेक सुटत नाही. पॅड बदलताना या कॅलिपरचा पिस्टन बहुतेक वेळा टूलने फिरवत आत न्यावा लागतो. शिकंज्यात धरून सरळ दाबला तर आतली यंत्रणा बिघडते.

या गाड्यांचं आणखी एक वैशिष्ट्य जाणून घ्या. घाट उतरून आल्यावर डिस्क आणि पॅड तापलेले असतात. तशात उतारावर हँडब्रेक लावून तुम्ही निघून गेलात की दहा-पंधरा मिनिटांत सगळं थंड होऊन आकसतं आणि पॅडचा दाब कमी होतो. लावताना घट्ट वाटलेली गाडी तुमच्या पाठीमागे हलू शकते. म्हणून लांबून आल्यावर लीव्हर एखादा क्लिक जास्त ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि थोड्या वेळाने येऊन लीव्हर पुन्हा ओढून बघा.

रिकामी गाडी धरते, भरलेली का सरकते

१:८ उताराचा रॅम्प धरा. हजार किलोची गाडी तिथे सुमारे १२५ किलोच्या जोराने खाली ओढली जाते. चार-पाच माणसं आणि सामान मिळून वजन १४०० किलो झालं की तोच जोर १७५ किलोच्या आसपास जातो. आणि रस्ता २० टक्के चढाचा असेल, म्हणजे पाच मीटरला एक मीटर, तर भरलेल्या गाडीला सुमारे २७५ किलो. रोज एकटं ऑफिसला जाताना नीट धरणारा हँडब्रेक रविवारी सगळं घर गाडीत बसल्यावर सरकतो तो यामुळे. ब्रेकविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर १३-एच या नियमात पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि उतारावरही धरली पाहिजे, आणि त्यासाठी हाताच्या लीव्हरवर ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, अशी अट आहे. तेव्हा "साहेब, एवढ्या चढावर कुठलाच हँडब्रेक धरत नाही" हे उत्तर मान्य करू नका.

दुरुस्ती होईपर्यंत

हँडब्रेकवर भरवसा नसलेली माणसं चढावरच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. जळका वास येतो तो क्लच प्लेटचा, आणि क्लचचं काम हँडब्रेकच्या कामाच्या कितीतरी पट महाग पडतं. थांबताना पायाचा ब्रेक वापरा. हिल होल्ड असेल तर तो पाय उचलल्यावर साधारण दोनेक सेकंदच धरतो, तेवढ्यात क्लच पकडायला हवा. पार्किंगसाठी त्याचा काही उपयोग नाही.

गाडी लावताना पायाचा ब्रेक दाबून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग पाय हळूच उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या. तो धरतोय ही खात्री झाली की पुन्हा ब्रेक दाबून चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाका आणि इंजिन बंद करून क्लच सोडा. नुसत्या गिअरवर गाडी सोडू नका. इंजिनमधला दाब हळूहळू निसटतो आणि जुनी गाडी थोडी थोडी करत खाली येत राहते. डाव्या बाजूला फुटपाथची उंच कड असेल तर चढाकडे तोंड करून लावताना स्टिअरिंग उजवीकडे वळवून ठेवा आणि उताराकडे तोंड असताना डावीकडे, म्हणजे गाडी सुटलीच तर चाक कडेला अडतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी चुकून सुटणार नाही अशी दुसरी तजवीज केल्याशिवाय, ड्रायव्हरला गाडी सोडून जाता येत नाही. मुलांना गाडीत बसवून "एका मिनिटात आलो" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

चाकाला दगड लावत असाल तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री उतारावरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला तो दिसत नाही. पाचरीसारखा लाकडी किंवा रबरी ठोकळा डिकीत ठेवलेला केव्हाही बरा.

पावसाळ्यात न सुटणारा हँडब्रेक

जून ते सप्टेंबर उलटी तक्रार येते. साचलेल्या पाण्यातून गाडी आणली, हँडब्रेक लावून दोन-चार दिवस उभी ठेवली, आणि निघताना मागची चाकं हलेनात. शू ओल्या ड्रमला गंजाने चिकटलेले असतात. एक्सलेटर देऊन ओढू नका, शूचं अस्तर उखडून निघतं. आधी सीटजवळचा हँडब्रेकचा लीव्हर नीट खाली गेलाय ना बघा, मग पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत गाडी अगदी हलकेच पुढे-मागे झुलवा. बहुतेक वेळा टक् आवाज होऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर गाडीला ठोकळे लावून ड्रमवर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे. सुटल्यावरही एक चाक नंतर गरम लागत असेल, तर केबल आत अडकतेय. तिच्यात ऑइल सोडून चार दिवस बरे जातात, पण आवरणातला गंज जात नाही, केबल बदलावीच लागते.

पाण्यातून आल्यावर घरी पोहोचण्याआधीच्या सपाट रस्त्यावर मागे कोणी नाही बघून पायाचा ब्रेक हलका दाबत थोडं अंतर गाडी चालवा, म्हणजे ड्रम सुकतात. गाडी सपाट जागी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पहिल्या गिअरमध्ये, दोन चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक खाली ठेवून जा. आमच्यासारख्या उतारावरच्यांना ही सोय नाही. आम्हाला हँडब्रेक लावावाच लागतो, म्हणून पावसाळ्यात एक दिवसाआड गाडी थोडी हलवून परत लावायची आणि मे महिन्यातच ड्रम उघडून साफ करून घ्यायचे.